आटा, घोड्याचे मांस आणि मोड आलेली मटकी

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, वसईच्या पूर्वेला चिंचोटी आहे. पावसाळ्यात धबधब्यामुळे या गावाचे नाव सगळ्यांच्या तोंडी असते. आम्हांला मात्र ते हिवाळ्यात अधिक आवडते. मागे तुंगारेश्वरचे रान आणि नाक्याजवळ पेरू-आवळ्यांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका. अशाच एका फेरीत आवळा चघळत आमच्याबरोबरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "पुस्तकात लिहिले आहे की 'क' जीवनसत्त्व कमी पडले की स्कर्व्ही होतो. पण हा रोग आपल्याकडच्या कुणाला झालेला आहे का? की तो फक्त गोऱ्या खलाशांनाच व्हायचा?"

प्रश्न रास्त होता. पाठ्यपुस्तकातला स्कर्व्ही जहाजावर सुरू होतो आणि जहाजावरच संपतो. १७४७ साली जेम्स लिंडने बारा आजारी खलाशांवर केलेला प्रयोग, संत्री-लिंबे मिळालेल्या दोघांचे झपाट्याने बरे होणे, हे सारे खरे आहे आणि शिकवण्याजोगेही आहे. पण आपल्या मुलांना सांगावी अशी गोष्ट आणखी जवळची आहे. तिच्यात सातारा-रत्नागिरीकडची माणसे आहेत.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढत होती. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी तिच्यात होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिस नदीच्या वळणावरील कुत-अल-अमारा या गावात तुर्की फौजेने या सैन्याला वेढा घातला. तो २९ एप्रिल १९१६ रोजी, शरणागतीनेच संपला. जवळजवळ पाच महिने बाहेरून भाजीपाला म्हणून काही आत आले नाही.

या वेढ्यात निसर्गाने एक क्रूर प्रयोग करून दाखवला. एकाच गावात, एकाच वेळी कोंडलेल्या दोन गटांना दोन वेगळे रोग झाले. गोऱ्या सोजिरांमध्ये बेरीबेरी पसरला, तर हिंदी शिपायांमध्ये स्कर्व्ही. हिरड्या सुजून त्यांतून रक्त येऊ लागले, पाय जड झाले, कातडीखाली रक्ताचे डाग उमटू लागले, साध्या जखमा भरेनात.

कारण ताटात होते. गोरे शिपाई पांढऱ्या मैद्याचा पाव आणि धान्य आटल्यावर तोफा ओढणारे घोडे मारून त्यांचे मांस खात होते. मैद्यातून कोंडा निघून गेलेला असतो आणि त्याबरोबर 'ब-१' जीवनसत्त्वही, म्हणून बेरीबेरी. ताज्या मांसात मात्र 'क' जीवनसत्त्व थोडेसे असते. रोज बरेचसे मांस पोटात गेले, तर स्कर्व्ही दूर राहतो. हिंदी शिपायांचे नेमके उलटे. त्यांच्या आट्यात कोंडा होता, त्यामुळे बेरीबेरी टळला. पण घोड्याचे मांस खाणे त्यांच्या धर्मभावनेला पटणारे नव्हते, आणि गावी परतल्यावर जातीबाहेर टाकतील ही भीतीही होती. बहुतेकांनी ते खाल्ले एप्रिलमध्ये, अगदी शेवटी. काहींनी मैदानातले गवत आणि पालाही शिजवून पाहिला. या माणसांना हट्टी म्हणणे सोपे आहे. आम्हांला तसे म्हणवत नाही. घरच्या पंगतीतून उठवले जाण्याची भीती काय असते, हे ज्याला ठाऊक आहे तोही म्हणणार नाही.

आता हे जीवनसत्त्व शरीरात नेमके करते काय, ते पाहू. आपली त्वचा, हिरड्या, हाडे, रक्तवाहिन्यांच्या भिंती यांना बांधून ठेवणारे प्रथिन म्हणजे कोलॅजेन. तीन धाग्यांना पीळ देऊन सुंभ वळावा तशी त्याची रचना असते. हा पीळ घट्ट बसण्यासाठी धाग्यांतील काही अमिनो आम्लांना ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी चिकटवावी लागते. हे काम करणाऱ्या विकराच्या पोटात लोहाचा अणू असतो आणि तो काम करताकरता 'गंजतो'. 'क' जीवनसत्त्व त्याला पुन्हा कामाच्या अवस्थेत आणते. ते नसले तर पीळ सैल पडतो. ज्या ऊतींची झीज आणि भर सतत चालू असते, त्या आधी ढासळतात. म्हणून पहिली तक्रार हिरड्यांची.

शरीरात साधारण दीड ग्रॅम 'क' जीवनसत्त्व साठलेले असते. पुरवठा पूर्ण थांबला तर एक ते तीन महिन्यांत लक्षणे दिसू लागतात. कुतच्या वेढ्याचे पाच महिने या हिशेबात ठेवून पाहा. रोग टाळायला दिवसाला दहा मिलिग्रॅम पुरतात. २०२० च्या भारतीय शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम मिळावेत.

गंमत अशी, की दारातली शेळी हे जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात ग्लुकोजपासून बनवते. आपल्यालाही ते जमले असते. पण शेवटच्या पायरीचे विकर तयार करणारे जनुक आपल्या पूर्वजांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच बिघडले. वानर आणि गिनीपिग आपल्याच पंक्तीत बसतात. १९०७ मध्ये नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रॉलिश यांनी गिनीपिगला नुसत्या धान्यावर ठेवून स्कर्व्ही घडवला, तेव्हा कुठे या रोगाचा प्रयोगशाळेत अभ्यास करता येऊ लागला. उंदीर वापरले असते तर काहीच घडले नसते. ते शेळीच्या पंक्तीचे.

कुतनंतरही मेसोपोटेमियात हजारो हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाला. त्यांच्यासाठी लिंबाचा रस पाठवला जाई. तो निरुपयोगी ठरला. लंडनच्या लिस्टर संस्थेतील हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी गिनीपिगवर प्रयोग करून १९१८ मध्ये दाखवले, की ताज्या 'लाइम'चा, म्हणजे आपल्या कागदी लिंबाच्या जातीच्या फळाचा रस 'लेमन'च्या सुमारे एक-चतुर्थांशच गुणकारी असतो, आणि साठवून ठेवलेल्या लाइमच्या रसात जवळजवळ काही उरत नाही. नावाच्या घोटाळ्याने केवढे नुकसान केले! त्याच संशोधिकांनी दुसरी गोष्टही दाखवली. कोरड्या कडधान्यात 'क' जीवनसत्त्व जवळजवळ नसते. ते भिजवून मोड आणले की एक-दोन दिवसांत तयार होते. आपल्या घरात मटकीची उसळ कधीपासून होते कोण जाणे, पण तिचा हा गुण युद्धामुळे पुराव्याने सिद्ध झाला. हिंदी शिपायाच्या नेहमीच्या शिध्यात मात्र डाळ असे.

वर्गात हे सारे तपासून पाहता येते. औषधाच्या दुकानात मिळणारे पोव्हिडोन आयोडीन, भाताची निवळ पेज आणि ड्रॉपर एवढेच लागते. पेल्यात थोडे पाणी, चमचाभर पेज आणि पाच मिलिलिटर फळाचा रस घ्या. आयोडीन थेंबाथेंबाने टाका. 'क' जीवनसत्त्व आहे तोवर ते आयोडीन खाऊन टाकते. संपले की पेजेतील स्टार्च निळेकाळे होते आणि तसेच राहते. तुलनेसाठी पाचशे मिलिग्रॅमची गोळी एक लिटर पाण्यात विरघळवा. तिच्या पाच मिलिलिटरमध्ये अडीच मिलिग्रॅम असणार. तिला वीस थेंब लागले आणि लिंबाला बारा, तर लिंबात दीड मिलिग्रॅम, म्हणजे शंभर मिलिलिटरला तीस.

एक सावधगिरी हवी. आयोडीन खाणारी इतरही द्रव्ये असतात. बाटलीतल्या सरबतातील सल्फाइट आणि आवळ्यातील टॅनिने आकडा फुगवतात. जुन्या तक्त्यांत आवळ्यात शंभर ग्रॅमला सहाशे मिलिग्रॅम सापडत. २०१७ च्या भारतीय तक्त्यात अडीचशेच्या आसपास आहेत. तरीही आवळा लिंबाच्या कितीतरी पुढेच, आणि पेरू त्याच्या फारसा मागे नाही. लिंबाचा रस दहा मिनिटे उकळून, तसेच तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवूनही पाहा. तांबे या जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण भराभर घडवते. असा रस तपासून फेकून द्यावा, पिऊ नये.

सर्दी टाळण्यासाठी गोळ्यांचा मारा करण्याची टूम लायनस पॉलिंग यांच्या १९७० मधील पुस्तकाने आणली. पुढच्या चाचण्यांत सामान्य माणसाची सर्दी टळत नाही, फार तर थोडी लवकर सरते, एवढेच दिसले. आमच्या मते शाळांनी लक्ष द्यावे ते दुसऱ्याच गोष्टीकडे. डाळी-पालेभाज्यांतील लोह शरीरात नीट शोषले जात नाही. त्याच घासाबरोबर 'क' जीवनसत्त्व गेले तर ते पुष्कळच अधिक शोषले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. उसळीवर लिंबू पिळायचे ते ताटात, गॅसवरच्या पातेल्यात नव्हे. आणि जेवणावर लगेच चहा नको, कारण तो लोहाची वाट अडवतो.

मोड आलेल्या मटकीचा प्रयोग आम्ही मुलांकडून करवला, तेव्हा शेजारी कोरड्या मटकीच्या पिठाचाही पेला ठेवला होता. थेंबांतला फरक मागच्या बाकावरूनही दिसला. एका गटाने मूगडाळीलाही मोड आणायचे ठरवले. दाणा भरडला की त्यातला अंकुर निघून जातो किंवा तुटतो, हे त्यांना आधी सांगितले नव्हते. चार दिवस त्यांनी ती ओल्या फडक्यात बांधून ठेवली. मोड आले नाहीत. वास मात्र सगळ्या वर्गभर सुटला.