चिप्स दुप्पट झाल्या, पण किंमत?

संभाव्यतेच्या धड्यात नाणं, फासा आणि पत्ते ही मंडळी पुन्हा पुन्हा भेटतात. आज पत्त्यांकडेच जाऊ या, पण ‘लाल पत्ता येण्याची संभाव्यता काढा’ याच्या जरा पुढे. पोकरची स्पर्धा संपत आली असताना एखाद्यापुढे ज्या चिप्स उरल्या आहेत, त्यांची पैशांत किंमत किती? (पैसे लावून खेळा असं मी सुचवत नाही. गणितासाठी हा खेळ फार चांगला आहे, एवढंच.)

एका टेबलाची छोटी स्पर्धा घ्या. दहा खेळाडू, प्रत्येकी १० डॉलर प्रवेश फी, प्रत्येकाला १००० चिप्स. आयोजकाची फी आपण धरत नाही. जमा झाले १०० डॉलर. पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०. बाकी सात जण रिकाम्या हाताने घरी. चिप्स संपल्या की खेळाडू बाद, आणि मधेच चिप्स परत देऊन पैसे घेता येत नाहीत.

सुरुवातीला १००० चिप्स म्हणजे १० डॉलर, म्हणजे एक चिप एका सेंटची. शेवटी विजेत्यापुढे सगळ्या १०,००० चिप्स जमतात. त्या हिशेबाने त्याला १०० डॉलर मिळायला हवेत, पण मिळतात ५०. उरलेले ५० गेले कुठे? ज्यांच्याकडे एकही चिप उरली नाही अशा दोघांकडे! म्हणजे चिपची किंमत कायम नाही. जितक्या जास्त चिप्स, तितकी एकेका चिपची किंमत कमी.

आता वही घ्या. तिघे उरलेत: अ कडे ५०००, ब कडे ३०००, क कडे २००० चिप्स. पहिलं येण्याची संभाव्यता चिप्सच्या प्रमाणात धरू: ०.५, ०.३, ०.२. दुसऱ्या क्रमांकासाठी युक्ती अशी, की जो पहिला आला असं धरलं त्याला बाजूला काढायचं आणि उरलेल्या दोघांत तेच प्रमाण लावायचं. क दुसरा कसा येईल? एकतर अ पहिला आणि मग ब-क मध्ये क पुढे: ०.५ × २/५ = ०.२. किंवा ब पहिला आणि मग अ-क मध्ये क पुढे: ०.३ × २/७ = ०.०८६. बेरीज ०.२८६. तिसरा येण्याची संभाव्यता उरलेली, ०.५१४. आता बक्षिसांनी गुणा: ०.२ × ५० + ०.२८६ × ३० + ०.५१४ × २० = सुमारे २८.८६ डॉलर.

अशाच रीतीने ब चे ३२.७५ आणि अ चे ३८.३९ येतात. बेरीज बरोबर १००. गंमत बघा, क कडे अ च्या निम्म्यापेक्षाही कमी चिप्स आहेत, पण त्याची किंमत अ च्या तीन-चतुर्थांश आहे. कारण सोपं आहे: २० डॉलर तर त्याच्या खिशात आलेच आहेत.

या रीतीला पोकरवाले आयसीएम म्हणतात, म्हणजे इंडिपेन्डन्ट चिप मॉडेल. मूळ युक्ती पोकरची नाहीच. शर्यतीत दुसरा-तिसरा घोडा कोणता येईल याची संभाव्यता काढायला हार्विल या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये ती मांडली, आणि १९८७ मध्ये मेसन मॅल्मथ यांनी ती पोकरला लावली. त्याहून जुनं मूळ शोधायचं तर १६५४ पर्यंत जावं लागेल: खेळ अर्धवट थांबला तर पैसे कसे वाटायचे, यावर पास्कल आणि फर्मा यांचा पत्रव्यवहार झाला होता.

खरी कसोटी लागते ती चौघे उरतात तेव्हा, कारण बक्षिसं तीनच. पुढे जो बाद होईल त्याला शून्य. या टप्प्याला ‘बबल’ म्हणतात. समजा चौघांकडे प्रत्येकी २५०० चिप्स आहेत, म्हणजे प्रत्येकाची किंमत २५ डॉलर. तुमच्यासमोरच्याने सगळ्या चिप्स लावल्या. तुम्हीही लावायच्या का?

हरलात तर ० डॉलर. जिंकलात तर ५००० चिप्स, आणि समोर २५०० वाले दोघे. वरच्याच रीतीने किंमत काढा: ०.५ × ५० + ०.३३३ × ३० + ०.१६७ × २० = ३८.३३. चिप्स दुप्पट झाल्या, किंमत मात्र दीडपटीहून जरा जास्त. १३.३३ मिळवण्यासाठी २५ पणाला! म्हणजे २५ ÷ ३८.३३, जवळजवळ ६५ टक्के वेळा जिंकणार असाल तरच हो म्हणणं परवडतं. हातात राण्यांची जोडी आहे आणि समोरच्याकडे वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा आहेत असं कळलं, तरी तुमची शक्यता सुमारे ५७ टक्के. चिप्सच्या हिशेबात फायद्याचा सौदा, पैशांच्या हिशेबात तोट्याचा. पत्ते टाकून द्यावेत हेच बरं.

आणि बाकीचे दोघे? त्यांनी पत्त्याला हातही लावला नाही, पण तुमच्या या भांडणात त्यांची किंमत २५ वरून ३०.८३ झाली. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, इथे चौथ्याचाही. म्हणूनच बबलवर जास्त चिप्सवाला दादागिरी करू शकतो: त्याच्यापुढे कमी चिप्सवाल्याला हो म्हणणं महाग पडतं. त्यात एखाद्याकडे फक्त २०० चिप्स उरल्या असतील, तर मधल्या दोघांनी गप्प बसून तो बाद होण्याची वाट बघणं शहाणपणाचं.

मोठ्या स्पर्धांत शेवटचे काही जण कधी कधी खेळ थांबवून बक्षिसं वाटून घेतात. तिथे भांडण ठरलेलंच. नुसत्या चिप्सच्या प्रमाणात वाटायचं म्हटलं तर आपल्या उदाहरणात अ ला ५० मिळतील, म्हणजे न जिंकताच पहिलं बक्षीस! ६००० चिप्स असत्या तर ६०, पहिल्या बक्षिसापेक्षाही जास्त. दुसरा मार्ग म्हणजे तिघांना आधी २०-२० द्यायचे आणि उरलेले ४० चिप्सच्या प्रमाणात: ४०, ३२, २८. हे आयसीएमच्या जवळ येतं, तरी अ ला थोडं झुकतं माप देतं. क च्या जागी मी असतो तर आयसीएमचाच आग्रह धरला असता.

या मॉडेलला बरंच काही दिसत नाही हेही खरं. कोण निष्णात, कोण नवखा, सक्तीची बोली पुढच्या डावात कोणावर येणार, यातलं काहीच त्यात नाही. चिप्स फारच कमी असतील तेव्हा ही शेवटची गोष्ट चांगलीच जाणवते.

आता तुम्ही करून बघा: अ कडे ६०००, ब कडे ३०००, क कडे १००० चिप्स, बक्षिसं तीच. उत्तरं ४१.२४, ३३.८३ आणि २४.९३ यायला हवीत. बेरीज १०० आली नाही, तर दुसऱ्या क्रमांकाची पायरी पुन्हा तपासा.