राजगडावरची आजी, कापूरहोळची दूधआई

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की महामार्गावर कापूरहोळ लागते. येथूनच भोरचा फाटा फुटतो. बहुतेक प्रवासी चहापुरते थांबतात आणि पुढे जातात. पण या गावाचे एक ऋण प्रत्येक मराठी कुटुंबाने आठवावे असे आहे. छत्रपती संभाजी महाराजांना तान्हेपणी ज्या माउलीने आपले दूध पाजले, ती धाराऊ गाडे याच कापूरहोळची. पश्चिमेला वेल्हे तालुका आहे, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात. तेथील राजगडावर याच बाळाला त्याच्या आजीने लहानाचे मोठे केले. जिजाऊंना आपण राजमाता म्हणून नित्य वंदन करतो; आजी म्हणून त्यांचे स्मरण मात्र क्वचितच होते. आई गमावलेले मूल कसे सांभाळावे, हा प्रश्न आजही अनेक घरांपुढे उभा राहतो. म्हणून हे स्मरण.

दूध पुरेना तेव्हा

संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. सखुबाई, राणूबाई आणि अंबिकाबाई या तीन कन्यांनंतरचे हे सईबाईंचे चौथे अपत्य. बाळंतपणानंतर त्यांची प्रकृती सावरली नाही आणि अंगावरचे दूध बाळाला पुरेना. त्या काळी दुधाची भुकटी नव्हती, दवाखाना नव्हता. वरच्या दुधावर तान्हे मूल तगेलच, याची कोणी हमी देऊ शकत नसे. अशा वेळी गडाच्या परिसरातल्या कापूरहोळच्या धाराऊला बोलावणे गेले.

धाराऊला तिची स्वतःची मुले होती. तिला राज्याकडून नेमणूकही मिळाली. पण आपल्या लेकरांच्या वाट्यातले दूध दुसऱ्याच्या लेकराला देणे, रात्री-अपरात्री त्याच्यासाठी उठणे, याचे मोल कोणत्याही नेमणुकीत बसत नाही. तिचे पुत्र अंतोजी आणि रायाजी पुढे संभाजीराजांचे दूधभाऊ म्हणून ओळखले गेले. एका घरची अडचण दुसऱ्या घराने आपली मानली आणि त्यातून एक नवे नाते जन्माला आले.

घरात सुतक, दारात युद्ध

५ सप्टेंबर १६५९ रोजी सईबाईंनी राजगडावर देह ठेवला. बाळराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे होते. वडील अफझलखानाच्या संकटाला तोंड देण्याच्या तयारीत होते. प्रतापगडाची ती प्रसिद्ध भेट अवघ्या दोन महिन्यांवर, १० नोव्हेंबरला, यायची होती. आई गेलेली, वडील मोहिमेवर आणि ते परततील की नाही याची शाश्वती नाही, अशा अवस्थेतले ते मूल जिजाऊंनी पोटाशी घेतले. त्यांचा जन्म १५९८चा मानला जातो. म्हणजे साठी उलटलेल्या वयात त्यांनी पुन्हा आईपण स्वीकारले.

त्यांचे स्वतःचे दुःखही लहान नव्हते. थोरले पुत्र संभाजीराजे कनकगिरीच्या लढाईत पडले होते आणि नातवाला त्यांचेच नाव दिलेले होते. ज्या नावाने नातवाला हाक मारायची, तेच नाव गेलेल्या लेकाचे. १६६४ मध्ये शहाजीराजेही गेले. तरी या आजीने आपल्या दुःखाची सावली नातवाच्या शिक्षणावर पडू दिली नाही. याच नातवाने पुढे ‘बुधभूषणम्’ हा संस्कृत ग्रंथ रचला.

नातवंडांमध्ये गुंतल्यामुळे त्यांचे लोकांकडचे लक्षही सुटले नाही. उजाड झालेले पुणे पुन्हा वसवताना त्यांनी रयतेला धीर दिला होता. गावोगावचे तंटे त्यांच्यापुढे येत आणि त्या निवाडा करीत. १६६६ मध्ये शिवाजी महाराज नऊ वर्षांच्या संभाजीराजांना घेऊन आग्र्यास गेले, तेव्हा अडुसष्टाव्या वर्षी राज्याचा भार त्यांच्याच भरवशावर राहिला. पुत्र आणि नातू दोघेही शत्रूच्या हाती असताना त्यांनी ते दिवस काढले. राज्याभिषेकानंतर अकराच दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, पाचाडला त्यांचे निधन झाले. नातू तेव्हा सतरा वर्षांचा होता. पंधरा वर्षे त्याला आजीची सावली लाभली.

आजच्या घरांसाठी

दोन वर्षांच्या मुलाला मृत्यूचा अर्थ कळत नाही. पण ओळखीचा हात, वास आणि आवाज नाहीसा झाल्याचे त्याला नेमके कळते. असे मूल वारंवार रडते, झोपेतून दचकून उठते, कधी पुन्हा अंथरूण ओले करू लागते. हा हट्ट नव्हे, दुःख आहे. त्याला रागावू नये. भरवणारी, न्हाऊ घालणारी, निजवणारी माणसे शक्यतो तीच ठेवावीत आणि वेळाही त्याच ठेवाव्यात. ‘आई गावाला गेली’ असे सांगू नये. मूल वाट पाहत राहते. ‘आई वारली, ती आता परत येणार नाही, पण मी तुझ्याजवळ आहे,’ असे सोप्या शब्दांत, लागेल तितक्या वेळा सांगावे. आईचे नाव आणि छायाचित्र घरातून लपवू नये. काही आठवड्यांनंतरही मूल खात-खेळत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

दूधआईची जागा आज मातृदुग्धपेढीने घेतली आहे. आशियातील अशी पहिली पेढी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. दूध देणाऱ्या मातांची तपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअस तापमानाला ३० मिनिटे तापवून जंतुविरहित केले जाते आणि मुख्यतः कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना दिले जाते. एचआयव्हीसारखा संसर्ग दुधातून जाऊ शकतो. म्हणून हेतू कितीही चांगला असला तरी तपासणीविना परस्पर दुसऱ्या स्त्रीचे दूध पाजू नये. स्वतःच्या बाळाला पुरून उरणारे दूध ज्या मातेला आहे, तिने पेढीकडे जरूर चौकशी करावी.

आजीच्या अनुभवाला आजच्या वैद्यकाची जोड मात्र हवी. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. पाणी किंवा घुटी नको. वर्षाच्या आत मध तर मुळीच चाटवू नये. त्यातून क्वचित होणारी विषबाधा तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकते. आईचे दूध मिळणे शक्यच नसेल, तर काय पाजावे हे डॉक्टरांनाच विचारावे.

दाराशी येणारी आशा स्वयंसेविका ही या सेवेची आजची वारस म्हणावी लागेल. २००५ पासूनच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावातल्याच स्त्रिया या कामात आल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला त्या तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येऊन पाहतात. बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडले असेल किंवा अंगाला गार लागत असेल, तर ही खूण त्यांनाच आधी कळते. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर भर पावसात हे येणे सोपे नसते. त्या दारी आल्या, की बाळाला त्यांच्यापुढे उघडून मोकळेपणाने दाखवावे.

आजीलाही जपा

लेक-सून कामासाठी पुण्याला आणि नातवंडे आजीपाशी, असे चित्र गावोगावी दिसते. आजी कुरकुरत नाही, म्हणून ती थकत नाही असे नव्हे. तिचा रक्तदाब आणि साखर नियमित तपासावी, डोळे व गुडघे वेळेवर दाखवावेत. दुपारी तासभर तरी मूल दुसऱ्या कोणी घ्यावे, म्हणजे तिला पाठ टेकता येईल. घरात मृत्यू झाला असेल, तर तिचेही कोणी तरी गेलेले असते हे विसरू नये. मुलाला निजवल्यावर तिच्याशेजारी घटकाभर बसावे आणि गेलेल्या माणसाबद्दल तिला बोलू द्यावे.