आकाशातील हुंडी : संघ सोडला की विमानांचे काय होते?

कर्जत आणि खालापूर हे आपले दोन तालुके आजवर रेल्वेचे आणि घाटाचे म्हणून ओळखले गेले. बोरघाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने जोडली जातात ती कर्जतला, आणि द्रुतगती महामार्गावरून पुण्याकडे जाणारा प्रत्येक जण टोल भरतो तो खालापूरला. आता मात्र या परिसराचे लक्ष आकाशाकडे लागले आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि विमानतळ जणू आपल्या अंगणाशी आला. नेरळ, कर्जत, खोपोली येथील अनेक व्यापारी घरांतील मुले-मुली आज लंडन, लेस्टर अशा शहरांत स्थिरावत आहेत. नातवंडांच्या ओढीने आई-वडील वर्षा-दोन वर्षांनी तिकडे जातात. त्यामुळे दूरदेशीच्या एका राजकीय निर्णयाचा आपल्या तिकिटाशी काय संबंध, हा प्रश्न आता केवळ अभ्यासकांचा राहिलेला नाही.

तो निर्णय म्हणजे ब्रिटनने युरोपीय महासंघातून बाहेर पडणे. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडला आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळही संपला. या घटनेची आर्थिक बाजू वृत्तपत्रांतून पुष्कळ चर्चिली गेली. विमानांवर तिचा काय परिणाम झाला, हे तुलनेने कमी लोकांना ठाऊक आहे.

आकाशालाही मालक असतो

खालून पाहणाऱ्याला आकाश अखंड दिसते. कायद्याच्या दृष्टीने ते तसे नाही. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने प्रत्येक देशाचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व मान्य केले. म्हणून एका देशाचे प्रवासी विमान दुसऱ्या देशात नियमितपणे जायचे, तर दोन सरकारांमध्ये करार लागतो. दुसऱ्याच्या आकाशातून केवळ पार जाणे, इंधनासाठी उतरणे, आपल्या देशातील प्रवासी तिथे नेणे, तिथले प्रवासी आपल्याकडे आणणे, तिथून पुढे तिसऱ्या देशात प्रवासी नेणे, हे सारे वेगवेगळे हक्क आहेत आणि ते एकेक करून मिळवावे लागतात. सर्वांत दुर्मीळ हक्क म्हणजे परक्या देशाच्या दोन शहरांमधील अंतर्गत वाहतूक करण्याचा.

याचा दुसरा भाग प्रमाणपत्रांचा आहे. विमान उडण्यास योग्य आहे, वैमानिक पात्र आहे, अभियंत्याने दुरुस्ती तपासून सही केली आहे, हे सारे कागदावर असते. पेढीवर बसणाऱ्या वाचकांना यासाठी हुंडीचे उदाहरण पुरेसे आहे. मुंबईच्या पेढीने लिहिलेली हुंडी इंदूरला वटते, कारण इंदूरचा शेठ त्या सहीची पत मानतो. पत मानणे थांबले, की कागद तोच, सही तीच, रक्कमही तीच. हुंडी मात्र परत येते. विमानाचे प्रमाणपत्र ही अशीच एक हुंडी आहे.

मुंबई-कराची : आपल्या घरचे उदाहरण

राजकीय ऐक्य मोडल्यावर हवाई मार्गाचे काय होते, याचे उदाहरण शोधायला युरोपात जाण्याची गरज नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका छोट्या ‘पुस मॉथ’ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे टपाल आणले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. लंडनहून इंपीरियल एअरवेजचे विमान कराचीपर्यंत टपाल आणी आणि तेथून पुढची वाहतूक टाटांची विमाने करीत. त्या वेळी सिंध प्रांत मुंबई इलाख्याचाच भाग होता. तो १ एप्रिल १९३६ रोजी वेगळा झाला. म्हणजे भारतीय टपाल-विमानसेवेचा पहिला टप्पा हा एका इलाख्यातल्या दोन बंदरांमधला घरगुती प्रवास होता.

पंधरा वर्षांनी कराची परदेशात गेली. ३ जून १९४७ रोजी फाळणीची योजना जाहीर झाली आणि १५ ऑगस्टला ती अमलात आली. मध्ये अडीच महिनेदेखील नव्हते. दोन्ही देशांना वारशात १९३४ चा एकच विमान कायदा मिळाला. भारतीय विमानांच्या शेपटीजवळ ‘व्हीटी’ ही ब्रिटिश अमदानीतील अक्षरे कायम राहिली, तर पाकिस्तानने ‘एपी’ ही नवी अक्षरे घेतली. नियम समान होते, माणसे एकाच तालमीत तयार झालेली होती. तरीही कालपर्यंतच्या घरगुती मार्गासाठी दोन सरकारांना १९४८ च्या जूनमध्ये रीतसर हवाई वाहतूक करार करावा लागला. त्याच महिन्यात, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून पहिल्यांदा लंडनला निघाले. त्याचे थांबे होते कैरो आणि जिनिव्हा. कराची त्यात नव्हती.

पुढचा इतिहास आपण जाणतोच. १९७१, २००२, २०१९ आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये हे आकाश परस्परांच्या विमानांना बंद झाले आणि विशेषतः दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना लांबचा वळसा घ्यावा लागला. कायद्याचे शब्द समान असणे पुरेसे नसते. दोन्ही बाजूंची पत टिकली, तरच मार्ग खुला राहतो.

ब्रिटनने काय राखले, काय गमावले

ब्रिटन आणि युरोप यांच्यात एवढे वितुष्ट आले नाही. २४ डिसेंबर २०२० रोजी, मुदत संपण्यास अवघा आठवडा उरला असताना, दोघांमध्ये करार ठरला आणि विमाने थांबली नाहीत. परंतु हक्क मात्र आकसले. महासंघात असताना ब्रिटिश कंपनीला रोम ते मिलान असा इटलीच्या अंतर्गत प्रवासही चालवता येत असे. आता तिला ब्रिटन आणि युरोप यांच्यामध्येच ये-जा करता येते.

ईझीजेट या ब्रिटिश कंपनीने हे संकट आधीच ओळखले होते. तिने जुलै २०१७ मध्ये ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना येथे वेगळी कंपनी उभारून परवाना मिळवला आणि शंभरहून अधिक विमानांची नोंदणी तिकडे हलवली. विमाने तीच, रंग तोच. शेपटीजवळचे ब्रिटनचे ‘जी’ जाऊन ऑस्ट्रियाची ‘ओई’ ही अक्षरे आली. शिवाय युरोपीय विमान कंपनीची निम्म्याहून अधिक मालकी महासंघातील देशांच्या किंवा त्यांच्या नागरिकांच्या हाती असावी लागते. म्हणून ईझीजेट, रायनएअर यांसारख्या कंपन्यांना काही भागधारकांचा मताधिकार स्थगित करावा लागला. भांडवल गुंतवलेले असूनही मत देता न येणे, हे समभागांत व्यवहार करणाऱ्या वाचकांना विचार करायला लावणारे आहे.

प्रमाणपत्रांची कथा अधिक बोधप्रद आहे. ब्रिटनने युरोपचे जवळजवळ सर्व विमान-नियम शब्दशः आपल्या कायद्यात उतरवून घेतले. मात्र कोलोन येथील युरोपीय विमान सुरक्षा संस्थेचे सदस्यत्व संपले आणि सारा भार ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणावर आला. ब्रिटनमध्ये नोंदलेले विमान ब्रिटिश परवान्याचा वैमानिक आजही पॅरिसला नेऊ शकतो; शिकागो करार त्याला ती मुभा देतो. तोच वैमानिक ऑस्ट्रियात नोंदलेले विमान त्या परवान्यावर चालवू शकत नाही. देखभाल अभियंत्याचेही तसेच. ३१ डिसेंबर २०२० च्या रात्रीपर्यंत ज्याची सही सबंध युरोपात चालत होती, त्याची सही दुसऱ्या दिवशी युरोपीय विमानांसाठी निरुपयोगी ठरली. त्याचे ज्ञान एका रात्रीत कमी झाले नव्हते. अनेकांनी मुदतीपूर्वीच आपला परवाना आयर्लंड, ऑस्ट्रिया अशा देशांत वर्ग करून घेतला होता, ते निभावले.

लहान विमानतळांनाही झळ बसली. धुक्यात व ढगांत विमान अचूक उतरवण्यासाठी युरोपची ‘एग्नॉस’ ही उपग्रह-सेवा वापरली जाते. २५ जून २०२१ पासून ब्रिटनला तिचा सुरक्षाविषयक वापर बंद झाला. मोठ्या विमानतळांवर जमिनीवरील यंत्रणा असतात. बेटांवरील छोट्या धावपट्ट्यांचा मात्र आधार गेला. भारताने याच कामासाठी स्वतःची ‘गगन’ ही यंत्रणा उभारली आहे, त्यामागील दूरदृष्टी अशा वेळी उमगते.

आपल्या तिकिटावर कोणाचा कायदा?

भारत आणि ब्रिटन यांच्यात स्वतंत्र हवाई करार असल्यामुळे मुंबई-लंडन विमानांना धक्का बसला नाही. विमानात मिळणारे जैन भोजनही पूर्ववत आहे, कारण त्याचे संकेतनाम विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने ठरवलेले आहे. बदलले ते विलंबाच्या भरपाईचे क्षेत्र. युरोपीय नियम उतरवून घेताना ब्रिटनने भरपाईच्या रकमा पौंडांत केल्या. मुंबई-लंडन अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या पुष्कळ वर असल्याने, पोहोचण्यास चार तास किंवा अधिक उशीर झाल्यास प्रतिप्रवासी ५२० पौंड आणि तीन ते चार तास उशीर झाल्यास २६० पौंड देय होतात. हवामानासारख्या कंपनीच्या हाताबाहेरील कारणांना यातून सूट आहे.

हा कायदा केव्हा लागू होतो, ते लक्षात ठेवावे. ब्रिटिश कंपनीच्या विमानाने मुंबईहून लंडनला जाताना आणि परतताना, दोन्ही वेळा तो लागू होतो. भारतीय कंपनीच्या विमानाने जाताना लागू होत नाही. तेव्हा आपल्या नागरी विमान महासंचालनालयाचे नियम असतात, ज्यांत केवळ विलंबासाठी रोख भरपाई नाही. त्याच भारतीय कंपनीने लंडनहून परतताना मात्र ब्रिटनचा कायदा लागू होतो. एकाच तिकिटावर जाण्याचा आणि येण्याचा हक्क असा निरनिराळा असतो. लंडनहून पुढे युरोप पाहायला जाणाऱ्यांनी परतीच्या विमानाला, म्हणजे पॅरिस किंवा रोमहून निघणाऱ्या विमानाला, महासंघाचा स्वतंत्र कायदा लागू होतो हेही जाणून असावे. सामान हरवल्यास १९९९ चा माँट्रियल करार आधाराला येतो. भारत व ब्रिटन दोघेही त्यात आहेत, त्यामुळे तिथे काही बदलले नाही. त्याची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १५१९ विशेष आहरण अधिकार आहे. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक असून त्याचे रुपयांतील मूल्य रोज बदलते. बोर्डिंग पास, सामानाची चिठ्ठी आणि विलंबाचे लेखी कारण जपून ठेवावे. मागणी प्रथम कंपनीकडेच लेखी करावी.

विमानतळ जवळ आल्याने आपल्या भागातील काही विद्यार्थी विमान-देखभालीच्या शिक्षणाकडे वळतील. परदेशी परवान्यासाठी लाखो रुपये भरण्यापूर्वी तो परवाना ब्रिटनचा की युरोपीय महासंघाचा, हे पालकांनी आवर्जून विचारावे. पूर्वी या दोहोंत भेद नव्हता, आता आहे.

नियमपुस्तक उतरवून घ्यायला ब्रिटनला फारसा वेळ लागला नाही. त्या नियमांखाली केलेली सही दुसऱ्याने मानावी, हे मात्र कोणत्याही कायद्यात लिहून साधत नाही. ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवहाराने मिळते आणि घर वेगळे करताना त्याचाही हिशेब मांडावा लागतो. आपल्या पेढ्यांवर वाटण्या होताना जुनी माणसे मालाच्या आधी नावाचा आणि येण्या-देण्याचा विचार का करीत, ते यावरून ध्यानात यावे.