उन्हाळी टोमॅटोचा घरचा सॉस

नारायणगावच्या बाजारात उन्हाळी टोमॅटोचे भाव कोसळतात, तेव्हा घरी सॉस करून ठेवणं हाच शहाणपणा. टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी असतं. म्हणून लांबट, गरदार फळं घ्यावीत, म्हणजे आटवायला गॅस कमी लागतो. कढईच्या तळाशी पळीने ओढलेली रेघ लगेच भरून आली नाही, की सॉस झाला. शिजवल्याने ‘क’ जीवनसत्त्व घटतं, हा आक्षेप खरा. पण लायकोपीन हे टोमॅटोतलं लाल रंगद्रव्य शरीराला अधिक सहज मिळतं, विशेषतः थोड्या तेलासोबत. टिकण्याची शंकाही रास्त आहे. टोमॅटोचा आंबटपणा जातीनुसार बदलतो, त्यामुळे व्हिनेगर घालावंच, बाटल्या उकळून घ्याव्यात आणि सॉस फ्रिजमध्ये ठेवावा. एवढी काळजी घेतली, तर मीठ-साखरेचं प्रमाण आपल्या हाती राहतं आणि स्वस्ताईतला माल सत्कारणी लागतो.