नारळाची वडी नेमकी जमते कशी?

घरी वाढदिवस असो की हळदीकुंकू, ओल्या नारळाच्या वड्यांचं ताट पुढे आलं की लहानथोर सगळ्यांचे हात वळतात. साहित्य मोजकंच लागतं. 2 वाट्या खवलेला नारळ, दीड वाटी साखर, अर्धी वाटी दूध, चमचाभर तूप आणि वेलदोड्याची पूड. खवताना करवंटीलगतचा तपकिरी भाग येऊ दिला नाही, तर वडी पांढरीशुभ्र होते.

सगळं गुपित साखरेत आहे. जाड बुडाच्या कढईत साखर विरघळून मिश्रण आधी पातळ होतं, मग पाणी आटून पाक घट्ट होत जातो. निवताना साखरेचे बारीक कण पुन्हा तयार होतात आणि तेच नारळाला धरून ठेवतात. पाणी जास्त राहिलं तर वडी चिकट होते, फार आटलं तर भुगा होतो.

मिश्रण कडा सोडून गोळा होऊ लागलं आणि कढईच्या कडेला साखरेची पांढरी किनार दिसली, की गॅस बंद करावा. वेलदोडा घालून मिनिटभर घोटावं, तूप लावलेल्या ताटात थापावं आणि कोमट असतानाच वड्या पाडाव्यात.

बिघडली तरी वाया जात नाही. मऊ राहिली तर पुन्हा आटवावी, भुगा झाला तर 2 चमचे दूध घालून मंद आचेवर परतावी.

मुलांसाठी अर्धं मिश्रण शिजतानाच त्यात चमचाभर बीटाचा रस घालावा, म्हणजे वर गुलाबी थर देता येतो. तूप लावलेल्या वाटीच्या बुडाने तो सारखा करायचं काम मात्र, मिश्रण जरा निवल्यावर, त्यांच्याकडेच द्यावं.