महाविद्यालयीन शिक्षणात क्रीडास्पर्धांचे मोल

कोलकात्याच्या दक्षिण-पश्चिमेकडील बेहाला हा भाग देशभर परिचित आहे तो भारतीय क्रिकेट संघाचे माजी कर्णधार सौरव गांगुली यांच्यामुळे. गांगुली यांनी कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिक्षण घेतले. मात्र त्यांना पुढे आणले ते राज्याच्या संघाने. मार्च १९९० मध्ये ईडन गार्डन्सवर दिल्लीविरुद्ध झालेल्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात, वयाच्या १७व्या वर्षी, त्यांनी बंगालकडून पदार्पण केले. संघात त्यांना जागा मिळाली ती थोरले बंधू स्नेहाशिष यांच्याऐवजी. बंगालने तो करंडक १९३८-३९ नंतर प्रथमच जिंकला.

गुणी खेळाडू महाविद्यालयात जाण्याच्या वयातच राज्य संघात पोहोचत असेल, तर महाविद्यालयीन स्पर्धांचे प्रयोजन काय, असा प्रश्न यातून उपस्थित होतो.

निवडीचे साधन

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. १९३५ मध्ये सुरू झालेली रोहिंटन बारिया करंडक ही आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धा मोठ्या क्रिकेटची पायरी मानली जात असे. मुंबई विद्यापीठाकडून खेळलेले अजित वाडेकर आणि सुनील गावसकर याच वाटेने पुढे आले. त्यानंतर वयोगटांच्या स्पर्धा, प्रशिक्षण केंद्रे आणि २००८ पासून इंडियन प्रीमियर लीग यांमुळे क्रिकेटमधील निवडीची वाट बदलली. इतर अनेक खेळांत मात्र विद्यापीठ स्पर्धांना आजही महत्त्व आहे. २०२० मध्ये भुवनेश्वर येथे खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांना प्रारंभ झाला, तोही याच हेतूने.

पराभवाचे शिक्षण

तथापि महाविद्यालयीन संघातील बहुसंख्य विद्यार्थी देशाकडून खेळणार नसतात. त्यांच्यासाठी स्पर्धेचे मोल शैक्षणिक आहे. शरीरस्वास्थ्य व्यायामशाळेतही मिळते. स्पर्धेत त्यापलीकडचे काही मिळते. परीक्षेतील अपयश काही आठवड्यांनी, गुणपत्रिकेतून, एकट्याला कळते. मैदानावरील चूक त्याच क्षणी सर्वांना दिसते आणि पुढच्या चेंडूला पुन्हा उभे राहावे लागते. पंचांचा न पटलेला निर्णय स्वीकारणे, राखीव खेळाडू म्हणून बाहेर बसूनही सरावात कसूर न करणे, वेगळ्या शाखेतील आणि वेगळ्या परिस्थितीतील सहकाऱ्यावर विसंबणे, या गोष्टी वर्गात शिकवता येत नाहीत.

गांगुली यांचा पुढील प्रवास या दृष्टीने बोलका आहे. जानेवारी १९९२ मध्ये ब्रिस्बेन येथे वेस्ट इंडिजविरुद्धच्या पहिल्या एकदिवसीय सामन्यात त्यांनी ३ धावा केल्या आणि त्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ ते भारतीय संघाबाहेर राहिले. या काळात देशांतर्गत सामने खेळत राहून जून १९९६ मध्ये लॉर्ड्सवर कसोटी पदार्पणातच त्यांनी १३१ धावांची खेळी केली. २००० मध्ये ते भारताचे कर्णधार झाले.

अडचणी

या शिक्षणाची किंमतही असते. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरीची अट असते. हिवाळ्यात होणाऱ्या अनेक स्पर्धांच्या तारखा सत्र परीक्षांशी जुळून येतात. परगावचा एक सामना म्हणजे प्रवासासह अनेक तासिका बुडणे. दुखापत झाल्यास वर्ष वाया जाण्याची भीती असते. या भीतीपोटी पालक खेळ सोडण्याचा आग्रह धरतात आणि मुलींच्या बाबतीत हा आग्रह अनेकदा अधिक असतो.

खेळाडूंसाठी हजेरीत सवलत, चुकलेल्या परीक्षेची पुन्हा संधी आणि दुखापतीच्या उपचारांची सोय केल्यास ही अडचण बरीच कमी होऊ शकते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही खेळाला अध्यापनाशी जोडण्यावर भर दिला आहे. दुसरा प्रश्न संख्येचा आहे. क्रिकेटच्या संघात ११ जणांनाच स्थान असते. हजारो विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात इतरांनाही हा अनुभव मिळावयाचा असेल, तर वर्गावर्गांतील सामने वर्षभर, नियमित वेळापत्रकानुसार भरवावे लागतील. त्यासाठी मैदान, साहित्य आणि शारीरिक शिक्षण संचालकाचे भरलेले पद, एवढी तरतूद आवश्यक ठरते.