थोड्या चाललेल्या मोटारीचा क्लच कां घसरतो ?

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या दारांत आतां मोटार उभी असते. बैलाचा खांदा सुजला तर आधीं जूं तपासणारा शेतकरी मोटारीच्या बाबतींत मात्र मिस्त्री सांगेल तितके पैसे मोजून मोकळा होतो. गाडी जेमतेम २०,००० किलोमीटर चाललेली असतां "क्लच प्लेट गेली" असें ऐकावें लागलें, कीं मालकास वाटतें, एक तर माल खोटा, नाहीं तर मिस्त्री खोटा. कधीं कधीं तसें असतेंही. परंतु बहुधा कारण तिसरेंच असतें, आणि तें न शोधतां नवी प्लेट घातली तर तीही जुनीच्याच वाटेनें जाते.

क्लचची रचना समजण्यास कठीण नाहीं. इंजिनाच्या टोकास फ्लायव्हील नांवाचें जड चाक असतें. त्यावर प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोरानें दाबलेली असते, आणि या दोहोंच्या चिमट्यांत क्लच प्लेट असते. तिच्या दोन्ही अंगांस घर्षणाचें अस्तर बसविलेलें असतें. मिस्त्री त्यास लायनिंग म्हणतात. पेडल दाबलें म्हणजे चिमटा ढिला होतो. पाय काढला म्हणजे स्प्रिंग तो पुन्हां आवळते. सबब क्लच घसरूं लागला तर चिमटा पुरता आवळत नसेल, अस्तरावर तेल किंवा चकाकी आली असेल, अथवा अस्तर झिजलें असेल. याहून निराळें कारण सहसा नसतें.

आतां किलोमीटरच्या आकड्याविषयीं. पुरता आवळलेला क्लच झिजत नाहीं. तो झिजतो गाडी हलवितांना, अर्धवट आवळलेला असतां. हमरस्त्यानें दूर दूर जाणाऱ्या गाडीचा क्लच लाख किलोमीटरही टिकतो. गांवच्या गाडीची चाकरी वेगळी. मळा ते वस्ती असे फेरे, मागें कांद्याच्या गोण्या, बाजार समितीच्या दारांतील रांगेंत घटकेघटकेस दोन हात पुढें सरकणें, आणि पावसाळ्यांत काळ्या जमिनींत रुतलेलें चाक काढण्यासाठीं क्लच अर्धा धरून इंजिन ओरडविणें. चिखलांतील अशी एक दुपार अस्तर जाळण्यास पुरेशी आहे, आणि त्या दुपारीं आंकडा एक किलोमीटरनेंही पुढें जात नाहीं. जुनी गाडी घेतांना आम्ही तर आंकड्याआधीं क्लच पेडलचें रबर पाहतों. आंकडा थोडा व रबरावरील रेघा पुसलेल्या, तर दप्तर एक बोलतें आणि जमीन दुसरेंच बोलते असें समजावें.

क्लच घसरतो कीं इंजिनच अशक्त झालें, हें प्रथम ठरवावें. मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्यें ताशीं ४० किलोमीटरच्या सुमारास ॲक्सिलरेटर पुरा दाबावा. इंजिनाचा आवाज एकदम चढला व वेग मात्र वाढला नाहीं, तर क्लच घसरतो. आवाजही चढला नाहीं व वेगही नाहीं, तर दोष दुसरीकडे शोधावा. हा प्रयोग एकदांच करावा. पुनःपुन्हां केल्यास उरलेलें अस्तरही जळेल.

पुढची तपासणी बिनपैशाची आहे. ज्या गाडीचा क्लच केबलनें ओढला जातो, तिचें पेडल हातानें दाबून पाहावें. आरंभीं थोडें अंतर तें हलकें जावें, नंतर जोर लागावा. हें मोकळें अंतर किती असावें तें गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. अस्तर झिजतें तसें तें कमी होतें, आणि अजिबात संपलें म्हणजे पाय न ठेवतांही पेडल किंचित दाबल्यासारखें राहतें. केबल चिखलानें आखडून पेडल पुरतें वर येत नसेल तरी परिणाम तोच. अशा वेळीं वेळेवर केबल जुळवून किंवा बदलून काम भागतें; गिअरबॉक्स उतरविण्याचें कारण नाहीं. (कांहीं गाड्यांत केबल आपोआप जुळते, तेथें हा हिशेब लागू नाहीं.) तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्यें पाय काढल्यावर दाब पुरता सुटतो कीं नाहीं, हें पाहवून घ्यावें. पेडलवर पाय ठेवून गाडी हांकण्याची ज्यांस संवय आहे, ते हाच दोष स्वतःच्या पायानें निर्माण करितात.

नंतर गाडीखालीं पाहावें. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यापाशीं तेल ठिबकत असेल, तर इंजिनाचें मागचें सील किंवा गिअरबॉक्सच्या दांड्याचें सील गेलें असण्याचा संभव आहे. तेल प्यालेलें अस्तर पेट्रोलनें धुऊन भरंवशाचें होत नाहीं. तापलें कीं आंतील तेल पुन्हां वर येतें. ऑइल इंजिनाच्या पट्ट्यास राळ लावणारे लोक येथेंही कांहीं पूड टाकूं पाहतात. तो उपाय क्लचला लावूं नये. प्लेट बदलावी, पण सील आधीं.

वाटेंत क्लच घसरूं लागला, तर ओझें उतरवून गाडी तासभर थंड होऊं द्यावी. केवळ तापल्यानें घसरत असेल तर पकड पुष्कळ वेळां परत येते. न आल्यास खालच्या गिअरमध्यें, हलक्या पायानें घर गांठावें.

गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी मोठी असते. यास्तव तो एकदां उतरला कीं प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच बदलणें स्वस्त पडतें. फ्लायव्हीलवर निळे डाग अथवा चिरा आहेत काय तें पाहावें. जुने भाग मात्र मागून घ्यावेत व त्यांचा पंचनामा करावा. अस्तर रिव्हेटांपर्यंत सारखें झिजलें असेल तर तें वापरानें गेलें. अस्तर जाड पण काळें व चकचकीत असेल तर तें तापलें. ओलें असेल तर सीलचा दोष. झिजलेलें अस्तर कंपन्या बहुधा हमींत धरीत नाहींत; सील गळाल्याची गोष्ट वेगळी, म्हणून हमीची मुदत बाकी असल्यास हें पाहणें विक्रेत्याच्या मनुष्यासमोरच करावें. अस्तराची धूळ फुंकूं नये. जुन्या गाड्यांच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, व तें फुफ्फुसांस घातक आहे.

नवी प्लेट बसल्यावर पहिले ५०० किलोमीटर ओझें बेतानें घालावें, आणि केबल असल्यास पेडलचें मोकळें अंतर त्यानंतर पुन्हां एकदां पाहावें.